डेटाबेस ॲडमिनचं काम नव्याने हाती आलंय: आधी कुठले शब्द पक्के करू आणि कुणाला कुठला रोल देऊ?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं ॲप्लिकेशनचा कोड लिहिला. गेल्या महिन्यात आमचे डीबीए (डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर) नोकरी सोडून गेले आणि डेटाबेस सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. क्वेरी लिहिता येते, इंडेक्स कुठे लावायचा ते कळतं, एक्झिक्यूशन प्लॅन वाचता येतो. पण ॲडमिनच्या खुर्चीत बसल्यावर पहिल्याच दिवशी जाणवलं की साधे शब्दच पक्के नाहीत. इन्स्टन्स, क्लस्टर, डेटाबेस, स्कीमा, यूजर, लॉगिन, रोल. आमचं मुख्य काम पोस्टग्रेसवर चालतं, एक जुनी सिस्टिम ओरॅकलवर आहे, एक छोटी मायएसक्यूएलवर. तिन्हीकडे शब्द तेच, पण एकीकडे शिकलेला अर्थ दुसरीकडे लावला की घोटाळा होतो.

त्यातच पोस्टग्रेसवरच्या खात्यांची यादी काढली. एकूण ४३ खाती, त्यातली १९ सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेली. आमचं ॲपसुद्धा सुपरयूजर म्हणूनच जोडलं जातं. वरून निरोप आलाय, ‘हे जरा नीट लावून घे.’

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नवीन माणसाने आधी कुठल्या संज्ञा घोटाव्यात? आणि रोल कसे आखावेत, म्हणजे कुणाचं काम अडणार नाही आणि सगळ्यांच्या हातात सगळ्या किल्ल्याही राहणार नाहीत?

रातपाळी

४३ पैकी १९ हा आकडा वाचून दचकलो, पण असं खूप ठिकाणी दिसतं. कुणीतरी घाईत अधिकार देतं आणि काढायचं राहून जातं.

आधी शब्दांचं बघू. तुमचा गोंधळ खरा आहे, कारण ज्याने त्याने हे शब्द आपापल्या परीने वापरलेत.

ओरॅकलमध्ये ‘डेटाबेस’ म्हणजे डिस्कवरच्या फाइली, आणि ‘इन्स्टन्स’ म्हणजे मेमरी अधिक पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोसेस. फाइली पडून असतील आणि इन्स्टन्स चालू नसेल तर डेटा आहे पण कुणाला मिळत नाही. ओरॅकलच्या ‘रॅक’मध्ये (रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स) तर एकाच डेटाबेसवर अनेक इन्स्टन्स चालतात.

पोस्टग्रेसमध्ये ‘क्लस्टर’ म्हणजे अनेक मशिन्सचा समूह नव्हे! एका सर्व्हरच्या ताब्यात असलेले सगळे डेटाबेस मिळून एक क्लस्टर. नवीन माणूस इथे हमखास चुकतो. त्या क्लस्टरमध्ये डेटाबेस, डेटाबेसमध्ये स्कीमा, स्कीमामध्ये टेबलं. एक कनेक्शन एकाच डेटाबेसशी बांधलेलं असतं. रोल मात्र साऱ्या क्लस्टरला सामाईक असतात. म्हणजे तुमची ४३ खाती त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक डेटाबेसची आहेत, हे लक्षात ठेवून साफसफाई करा.

मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस आणि स्कीमा हे एकाच गोष्टीचे दोन शब्द. ‘क्रिएट स्कीमा’ लिहिलंत काय, ‘क्रिएट डेटाबेस’ लिहिलंत काय, एकच.

आणि ओरॅकलमध्ये स्कीमा जवळजवळ यूजरचीच सावली. यूजर बनवला की त्याच्या नावाचा स्कीमा आलाच.

अर्धविराम

वाचनखूण साठवली.

चिकित्सक

रातपाळी, माहिती उत्तम, पण पद्धतीशी असहमत. शब्दांची यादी घोकून काही होत नाही. एक कनेक्शन धरा आणि ते दारापासून टेबलापर्यंत कसं जातं ते बघा. सगळे शब्द वाटेतच भेटतात.

समजा पोस्टग्रेसवर कुणीतरी ‘ऑर्डर्स’ टेबल वाचायला आलंय.

पहिलं दार एचबीए फाइलचं, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते नियम लिहिलेल्या फाइलचं. कुठल्या पत्त्यावरून, कुठला यूजर, कुठल्या डेटाबेसकडे येतोय ते बघून सर्व्हर वरून खाली ओळी तपासतो. पहिली जुळणारी ओळ लागू, पुढच्या ओळी वाचल्याच जात नाहीत. तिथे पासवर्ड चुकला तर खालची सैल ओळ वाचवायला येत नाही.

दुसरं, ओळख पटवणं. पासवर्ड, सर्टिफिकेट, जे ठरलं असेल ते.

तिसरं, त्या रोलला ‘लॉगिन’ची मुभा आहे का? चौथं, त्या डेटाबेसवर ‘कनेक्ट’ आहे का? हा अधिकार मुळात ‘पब्लिक’ला म्हणजे सगळ्यांनाच दिलेला असतो, म्हणून तो आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पाचवं, स्कीमावर ‘यूसेज’. सहावं, टेबलावर ‘सिलेक्ट’. त्यापुढे रो लेव्हल सिक्युरिटी लावली असेल तर कुठल्या ओळी दिसतील ते वेगळंच.

गंमत पाचव्या पायरीवर आहे. स्कीमावर ‘यूसेज’ नसेल आणि तुम्ही स्कीमाचं नाव न लावता टेबल मागितलंत, तर ‘परवानगी नाही’ असा निरोप येतच नाही. ‘असं टेबलच अस्तित्वात नाही’ असा येतो. कारण ज्या स्कीमात शिरायची मुभा नाही तो स्कीमा शोधताना वगळला जातो. नवीन माणूस मग टेबल कुणी उडवलं ते शोधत बसतो. टेबल जागेवरच असतं.

मोरपीस

चिकित्सक, बाई गं! गेल्या आठवड्यात मी याच निरोपापायी दोन तास घालवले. बॅकअपमधून टेबल परत आणायला निघाले होते. आज कळलं काय झालं होतं ते. मनापासून आभार.

किल्लेदार

उंबरठा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे.

अधिकार माणसाला देऊ नका, कामाला द्या. माणूस बदलतो, काम राहतं. पोस्टग्रेसमध्ये ८.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून, यूजर आणि ग्रुप हे दोन्ही ‘रोल’च आहेत. ज्याला लॉगिन आहे त्याला आपण सवयीने यूजर म्हणतो, ज्याला नाही त्याला ग्रुप. तेव्हा दोन थर करा. खालच्या थरात कामाचे रोल, त्यांना लॉगिन नाही. वरच्या थरात माणसं आणि सेवा, त्यांना लॉगिन आहे पण स्वतःचा एकही थेट अधिकार नाही. अधिकार फक्त कामाच्या रोलला ग्रँट करायचे आणि तो रोल माणसाला.

कामाचे रोल सुरुवातीला चार पुरेत. एक मालक: टेबलं याच्या नावावर, मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) यानेच चालवायचं. दुसरा ॲपचा: वाचणं, घालणं, बदलणं, काढणं, पण टेबलाची रचना बदलणं नाही. तिसरा फक्त वाचणारा: रिपोर्ट, विश्लेषण. चौथा निगराणीचा: मॉनिटरिंगची साधनं. त्याच्यासाठी आवृत्ती १० पासून ‘पीजी मॉनिटर’ हा तयार रोल आहे.

मालक आणि ॲप वेगळे ठेवायला सांगतोय त्याकडे दुर्लक्ष करू नका. लोक सुपरयूजर काढतात आणि ॲपलाच टेबलांचा मालक करून मोकळे होतात. मालकाला टेबल ड्रॉप करता येतं, रचना बदलता येते, आणि रो लेव्हल सिक्युरिटीही त्याला आपसूक लागू होत नाही, ती ‘फोर्स’ करावी लागते. ॲपच्या कोडमध्ये एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरून क्वेरीत स्वतःचे हुकूम घुसवण्याची) एक फट राहिली की त्या वाटेने येणाऱ्याच्या हातात हे सगळं जातं.

कमीत कमी अधिकाराचं हे तत्त्व साल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ सालीच नीट मांडलंय. अधिकार देण्या-काढण्याची, म्हणजे ग्रँट आणि रिव्होकची यंत्रणा त्याच सुमाराची, आयबीएमच्या सिस्टिम आर या संशोधन प्रकल्पातून आलेली, १९७६. रोलवर आधारलेली मांडणी फेरायोलो आणि कून यांनी १९९२ मध्ये केली. पन्नास वर्षं झाली तरी आपण १९ सुपरयूजर ठेवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रातपाळी

किल्लेदार, +१. ॲप सुपरयूजर असण्याचा आणखी एक तोटा सांगतो, तो स्वतः भोगलाय.

पोस्टग्रेसमध्ये एकूण कनेक्शनची मर्यादा मुळात १०० असते. त्यातल्या ३ जागा सुपरयूजरसाठी राखीव. उद्देश असा की सगळी कनेक्शनं भरली तरी ॲडमिनला आत शिरून काय चाललंय ते बघता यावं. आमचं ॲपच सुपरयूजर होतं. एका रात्री कोडमध्ये कुठेतरी कनेक्शन बंद करायचं राहिलं, पूल (ॲपने उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) फुगत गेला आणि ॲपने त्या ३ राखीव जागाही खाल्ल्या. मी बाहेर. सर्व्हर चालू, डिस्क ठीक, सीपीयू निवांत, आणि मला लॉगिन मिळेना. शेवटी ॲपचे सर्व्हर एकेक करून बंद केले तेव्हा कुठे आत जाता आलं. ॲप साध्या रोलने जोडलेलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

उंबरठा

रातपाळी, हे मी लगेच तपासलं. आमच्याकडे अगदी हीच मांडणी आहे. राखीव जागांची गोष्ट मला माहीतच नव्हती.

चिकित्सक, तुमच्या पायऱ्या कागदावर उतरवून स्क्रीनशेजारी लावल्यात. किल्लेदार, चार रोलचा आराखडा उद्या टेस्टिंगच्या सर्व्हरवर करतो.

एक शंका. डेव्हलपरना प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या डेटाच्या सर्व्हरवर, काय द्यायचं? १९ सुपरयूजरपैकी ११ डेव्हलपर आहेत, आणि काढायचं म्हटल्यावर आत्तापासूनच कुरबुर सुरू झालीये.

तिसरी घंटा

काहीही देऊ नका. प्रॉडक्शन म्हणजे प्रॉडक्शन.

अर्धविराम

तिसरी घंटा, अजिबात पटलं नाही. मी डेव्हलपर आहे. रात्री तीनला ग्राहकाचं पेमेंट अडकलं की फोन मलाच येतो. डेटा न बघता मी काय अंदाज बांधू? ‘काहीही नको’ असं म्हणणाऱ्या एका ठिकाणी मी काम केलंय. तिथे लोकांनी ॲपचाच पासवर्ड कॉन्फिग फाइलमधून काढून वापरला. लॉगमध्ये सगळं ॲपच्या नावावर. कुणी काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दार बंद करून तुम्ही लोकांना खिडकीतून यायला लावता.

तिसरी घंटा

खिडकीची गोष्ट मान्य. पण उपाय सुपरयूजर नाही ना?

किल्लेदार

दोघांचंही म्हणणं सांभाळता येतं. डेव्हलपरला रेप्लिकावर (मुख्य सर्व्हरची सतत जुळवून ठेवलेली प्रत) वाचण्याचा रोल द्या, स्वतःच्या नावाच्या लॉगिनने. नव्वद टक्के वेळा बघायचंच असतं, बदलायचं नसतं. बदल करायचा असेल तर थोड्या वेळापुरता लिहिण्याचा रोल ग्रँट करा आणि काम झालं की रिव्होक करा, दोन्हीची नोंद ठेवा. ग्राहकांची खाजगी माहिती असलेले कॉलम या वाचण्याच्या रोलमधूनही वगळा. कॉलमनिहाय ग्रँट करता येतं, किंवा व्ह्यू करून द्या.

एक सावधगिरी: ‘व्हॅलिड अंटिल’ लिहून मुदत घातली म्हणजे रोल त्या तारखेला संपतो असं समजू नका. मुदत फक्त पासवर्डला असते. सर्टिफिकेटने येणारा माणूस नंतरही येत राहील.

अर्धविराम

हे चालेल. रेप्लिकावर वाचायला मिळालं तर माझी काही तक्रार नाही.

कळफलक

रेप्लिकाचा विषय निघालाच आहे तर ‘रेप्लिका’ आणि ‘बॅकअप’ या दोन संज्ञा नवीन माणसाने पहिल्याच आठवड्यात वेगळ्या करून ठेवाव्यात. मुख्य सर्व्हरवर चुकून ‘डिलीट’ चाललं की ते रेप्लिकावरही काही क्षणात पोचतं. रेप्लिका सर्व्हर पडल्यावर वाचवते, चुकीच्या हातापासून वाचवत नाही.

३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेची घटना सगळ्यांनी वाचावी, त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवलीये. रेप्लिकेशन अडकलं होतं. इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी काढायला घेतली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले तर पीजी डम्पचा (पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन) बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण साधनाची आवृत्ती ९.२ आणि डेटाबेस ९.६. अपयशाचे ईमेल जात होते, पण ते नाकारले जात होते. सुदैवाने काही तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट हाताशी होता, त्यामुळे नुकसान सुमारे सहा तासांच्या डेटापुरतं राहिलं.

उंबरठा, रोल आवरायच्या आधी एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघा. आणि पोस्टग्रेसमध्ये रोल वेगळे काढावे लागतात, एका डेटाबेसच्या डम्पमध्ये ते येत नाहीत. त्यासाठी ‘पीजी डम्प ऑल’ला फक्त सामाईक गोष्टी काढायला सांगायचं.

बोरू

ओरॅकलबद्दल थोडं. वीस वर्षं त्याच्यातच गेलीत, म्हणून अंगवळणी पडलेल्या दोन गोष्टी सांगतो.

‘सिस’ या यूजरच्या नावावर डेटा डिक्शनरी, म्हणजे डेटाबेसची स्वतःबद्दलची माहिती ठेवणारी टेबलं असतात. त्याच्या स्कीमात स्वतःचं एकही टेबल बनवू नका. रोजच्या कामाला ‘सिस’ नकोच, स्वतःच्या नावाचं खातं करा. ‘सिसडीबीए’ हा अधिकार डेटाबेस चालू-बंद करण्यासारख्या कामांना. १२सी या आवृत्तीपासून नुसत्या बॅकअपसाठी ‘सिसबॅकअप’ वेगळा मिळतो, तो वापरा.

दुसरी गोष्ट रडवणारी. यूजरला रोलमार्फत टेबल वाचायची मुभा आहे. क्वेरी हाताने चालवली की चालते. तीच क्वेरी स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये (डेटाबेसातच साठवलेल्या कोडमध्ये) टाकली की ‘टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही’. कारण मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोसीजरमध्ये रोलमधून आलेले अधिकार धरले जात नाहीत, थेट दिलेलेच धरतात. किल्लेदार यांचा ‘थेट अधिकार कुणालाच नको’ हा नियम पोस्टग्रेससाठी छान आहे, पण ओरॅकलमध्ये ज्या स्कीमात प्रोसीजर आहेत त्याला थेट ग्रँट द्यावंच लागतं.

किल्लेदार

बोरू काका, बरोबर. मी पोस्टग्रेस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं.

साखळी

मायएसक्यूएलकडे कुणी वळलंच नाही म्हणून मी लिहिते.

इथे खातं म्हणजे नुसतं नाव नाही, नाव आणि होस्ट मिळून एक खातं. ‘ॲप ॲट लोकलहोस्ट’ (त्याच मशीनवरून येणारा) आणि ‘ॲप ॲट टक्के’ (टक्क्याचं चिन्ह म्हणजे कुठलाही होस्ट) ही दोन वेगळी खाती आहेत. पासवर्ड वेगळे, अधिकार वेगळे. एकाला ग्रँट दिलं आणि दुसऱ्याने लॉगिन केलं की माणूस चक्रावतो. मी नवीन असताना एकच नाव चार होस्टवर होतं आणि पासवर्ड मी एकाचाच बदलला होता. आपण कुठल्या खात्याने आत आलोय ते ‘करंट यूजर’ विचारून बघायची सवय लावा.

रोल ८.० मध्ये आले, २०१८ साली. आणि रोल ग्रँट केला तरी लॉगिननंतर तो आपोआप लागू होत नाही! ‘सेट डीफॉल्ट रोल’ करावं लागतं, किंवा लॉगिन होताच सगळे रोल लागू करायचं सेटिंग चालू करावं लागतं. ‘रोल दिलाय तरी परवानगी नाही’ म्हणून येणाऱ्यांना मी आधी हेच विचारते.

शिवाय प्रत्येक ग्रँटनंतर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ मारायची जुनी सवय अनेकांना आहे. त्याची गरज नाही. अधिकारांची टेबलं हाताने बदललीत तरच ते लागतं, आणि ती हाताने बदलू नयेत.

पिंपळपान

अवांतर: ‘रोल’ला मराठीत ‘भूमिका’ म्हणतात काही भाषांतरांत. ऑफिसात कुणी म्हणताना ऐकलं आहे का? मला ते नाटकातलं वाटतं.

मोरपीस

‘रोल’च बरं. पण ‘ऑथेंटिकेशन’ आणि ‘ऑथरायझेशन’ या जोडगोळीला मराठी हवंच हवं. नवीन मुलांना शिकवताना मी ‘ओळख’ आणि ‘मुभा’ म्हणते. ओळख पटली म्हणजे मुभा मिळाली असं नाही. इंग्रजी शब्द सारखे ऐकू येतात म्हणून गोंधळ होतो, हे दोन शब्द वापरले की पोरं एकदाही चुकत नाहीत.

चिकित्सक

ओळख आणि मुभा. सुरेख. उचलले.

पिंपळपान

आता विषयाचं. आम्ही मोंगोडीबी वापरतो. तिथे ‘डीबी ॲडमिन’ या रोलला इंडेक्स वगैरे सांभाळता येतात, पण यूजर बनवता येत नाहीत. त्याला ‘यूजर ॲडमिन’ लागतो. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण यूजर ॲडमिनला स्वतःलाच हवा तो अधिकार देता येतो. म्हणजे तो रोल देणं म्हणजे सगळंच देणं.

आणि ओळख तपासणं तिथे मुळात बंद असतं, आपण चालू करायचं. जानेवारी २०१७ मध्ये उघड्यावर पडलेले हजारो मोंगोडीबी सर्व्हर पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी ३.६ आवृत्तीपासून सर्व्हर मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेल्या कनेक्शनसाठी, ऐकू लागला.

रातपाळी

पिंपळपान, पोस्टग्रेसमध्ये ‘क्रिएट रोल’चं असंच होतं. १५ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ज्याला ‘क्रिएट रोल’ आहे तो स्वतःला सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या तयार रोलमध्येही घुसवू शकतो. तिथून सुपरयूजर फार दूर नाही. १६ मध्ये हे आवळलं. उंबरठा, तुमच्या यादीत सुपरयूजर १९ आहेत, पण ‘क्रिएट रोल’ किती जणांना आहे तेही बघा.

उंबरठा

आणखी ६ निघाले.

टेस्टिंगवर चारही रोल केले. वाचणाऱ्या रोलला स्कीमावर ‘यूसेज’ दिलं, सगळ्या टेबलांवर ‘सिलेक्ट’ दिलं. दोन दिवस छान चाललं. आज नवीन मायग्रेशनने एक टेबल बनवलं आणि रिपोर्टवाल्यांना त्यावर परवानगी नाही असं येतंय. ‘सगळ्या टेबलांवर’ दिलं होतं ना?

चिकित्सक

‘ऑल टेबल्स’ म्हणजे त्या क्षणी असलेली सगळी टेबलं. पुढे येणारी नाहीत. त्यासाठी ‘ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस’.

उंबरठा

केलं. तरी नवीन टेबलाला लागू होत नाही. डोकं चालेना.

किल्लेदार

ते कुठल्या लॉगिनने चालवलंत?

उंबरठा

माझ्या स्वतःच्या.

किल्लेदार

मग झालं ते. डीफॉल्ट अधिकार टेबल *कोण बनवतो* त्यावर ठरतात. कुठल्या रोलसाठी ते लिहिलं नाहीत तर ‘मी बनवलेल्या टेबलांवर’ असाच अर्थ होतो. तुमची टेबलं मायग्रेशनचा मालक रोल बनवतो. तेव्हा ‘फॉर रोल’ लिहून मालकाचं नाव द्या आणि पुन्हा चालवा. आणि सिक्वेन्स (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या वस्तू) विसरू नका, ॲपच्या रोलला त्यांच्यावरही लागतं, नाहीतर सिरियल कॉलम असलेल्या टेबलात नवी ओळ घालताना अडेल.

उंबरठा

चाललं! सिक्वेन्सचंही बरोबर होतं, उद्या तिथेच अडलो असतो.

आता निघून गेलेल्या डीबीएंचं खातं. ते ड्रॉप करायला गेलो तर ‘याच्यावर इतर गोष्टी अवलंबून आहेत’ म्हणून नकार येतोय.

रातपाळी

थांबा! इथे क्रम चुकला तर टेबलं जातील. सावकाश वाचा.

आधी त्या रोलचं फक्त लॉगिन काढा आणि काही आठवडे तसंच राहू द्या. महिनाअखेरीला चालणारं एखादं काम त्याच खात्याने जोडलं जात असेल तर ते तेव्हा उघड होईल. कोण कुठून जोडलंय ते ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’मध्ये दिसतंच.

मग ‘रीअसाइन ओन्ड’ चालवून त्याच्या नावावरची टेबलं मालक रोलच्या नावावर करा. *त्यानंतरच* ‘ड्रॉप ओन्ड’. हे दुसरं वाक्य उरलेले अधिकार काढून टाकतं, पण मालकी तशीच असेल तर टेबलंही काढून टाकतं. दोन्ही वाक्यं प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगवेगळी चालवावी लागतात, कारण रोल सामाईक असला तरी टेबलं सामाईक नाहीत. सगळीकडे झालं की ‘ड्रॉप रोल’ निमूट चालतो.

साखळी

उंबरठा, रातपाळींचा हा प्रतिसाद छापून ठेवा. ‘ड्रॉप ओन्ड’ नावावरून निरुपद्रवी वाटतो. आमच्याकडे एका सहकाऱ्याने आधी तेच चालवलं होतं. ट्रान्झॅक्शनमध्ये होता म्हणून रोलबॅक करता आलं. तेव्हापासून मी असली सगळी वाक्यं ‘बिगिन’ लिहूनच चालवते.

कळफलक

ॲपचं सुपरयूजरपण काढताना कुठे मोडेल त्याचीही यादी करा. आमच्याकडे तीन ठिकाणी मोडलं. सर्व्हरवरची फाइल ‘कॉपी’ने वाचणारं एक काम, एक्स्टेंशन बनवणारं जुनं मायग्रेशन, आणि अडकलेली क्वेरी मारणारी स्क्रिप्ट. तिन्हींवर सुपरयूजरशिवाय उपाय आहेत. फाइल वाचायला ११ पासून वेगळा तयार रोल आहे, मात्र तो ॲपला न देता त्या एका कामाच्या खात्यालाच द्या. विश्वासू ठरवलेली एक्स्टेंशनं १३ पासून डेटाबेसवर ‘क्रिएट’ असलेला साधा रोलही बसवू शकतो. क्वेरी मारायला ‘पीजी सिग्नल बॅकएंड’.

आणि आवृत्ती १५ च्या आधीचा डेटाबेस असेल तर ‘पब्लिक’ स्कीमात कुणालाही टेबल बनवता येतं. ती मुभा हाताने रिव्होक करा. जुना डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला असेल तरी तपासा, जुनी मुभा सोबत आलेली असते.

उंबरठा

तीन आठवड्यांनी पुन्हा येतोय.

प्रॉडक्शनवर आता सुपरयूजर २. एक मूळचा ‘पोस्टग्रेस’, दुसरा माझा आणीबाणीचा, त्याचा पासवर्ड तिजोरीत आणि वापरला की सगळ्यांना निरोप जातो. ॲप साध्या रोलवर आलं. कळफलक, तुमच्या यादीतलं क्वेरी मारणारं प्रकरण आमच्याकडेही निघालं. डेव्हलपर रेप्लिकावर वाचतात. पहिले चार दिवस नाराजी होती, आता कुणी विषय काढत नाही.

जुन्या डीबीएंच्या खात्याचं लॉगिन काढलं, आणि रातपाळी म्हणाले तसंच झालं. महिन्याच्या शेवटच्या रात्री हिशोबाची एक फाइल बनलीच नाही. शोधलं तर ते काम त्यांच्याच नावाने जोडलं जात होतं. त्याला स्वतःचं खातं करून दिलं. नुसतं लॉगिनच काढलं होतं म्हणून एवढ्यावर भागलं.

बॅकअप रिस्टोर करून पाहिला. डेटा आला, रोल आले नव्हते. आता तेही रोज वेगळे काढतो.

एकच प्रश्न उरलाय. मशीन बदललं तेव्हा एसक्यूएल सर्व्हरवरचा एक डेटाबेसही माझ्या गळ्यात आलाय. रिस्टोर केला, त्यात यूजर दिसतोय, पण लॉगिन होत नाही.

बोरू

तिथे लॉगिन सर्व्हरच्या पातळीवर आणि यूजर डेटाबेसच्या पातळीवर असतो. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे एसआयडी, खात्याचा आतला ओळख क्रमांक. बॅकअपसोबत यूजर आला, लॉगिन जुन्या सर्व्हरवरच राहिलं. नव्या सर्व्हरवर त्याच नावाने लॉगिन बनवलं असेल तरी त्याचा एसआयडी वेगळा. अशा यूजरला ‘अनाथ’ म्हणतात. ‘ऑल्टर यूजर’ला ‘विथ लॉगिन’ लावून लॉगिनचं नाव द्या, दोघं पुन्हा जुळतील.

उंबरठा

जुळले. धन्यवाद, बोरू काका. त्या यूजरला ‘डीबी ओनर’, म्हणजे त्या डेटाबेसमध्ये जवळजवळ सगळं करू देणारा रोल, दिलेला दिसतोय. उद्यापासून त्याच्याकडे बघतो.